रेयॉनला पाण्यात जपा

उन्हाळा लागला की दुकानांत, आठवडी बाजारात, रस्त्याकडेच्या हँगरवर रेयॉनचे कुर्ते झुलायला लागतात. अंगाला गार, अंगावर पडायला झुळझुळीत, रंग खुललेले आणि चांगल्या सुतीपेक्षा स्वस्त. घेताना कुणाची काही तक्रार नसते. तक्रारी सुरू होतात त्या दुसऱ्या-तिसऱ्या धुण्यानंतर. कुर्ता आटून वर आला, काखेत कापड फसकलं, पोटावरचा रंग विटला, अस्तर खालून डोकावायला लागलं. मग ‘रेयॉन टिकतच नाही’ असा शिक्का बसतो. हा शिक्का मला अन्यायाचा वाटतो. रेयॉन कोरडं असताना रोजच्या वापराला पुरेसं मजबूत असतं. ते बिघडतं आपल्या मोरीत आणि वाळत घालायच्या दोरीवर, म्हणजे ते ओलं असताना.

खात्री करायची असेल तर शिंप्याकडून परत आलेल्या उरल्यासुरल्या कापडातून एक धागा ओढून काढा. शिवणीतला दोरा घेऊ नका, तो बहुतेक वेळा पॉलिएस्टरचा असतो. कोरडा धागा दोन्ही हातांनी ताणून पाहा, तुटायला थोडा जोर लागतो. आता तसाच दुसरा धागा मधोमध जिभेने ओला करून ताणा. जिथे ओला केला नेमका तिथेच तो पटकन तुटतो. सुताचं याच्या उलट असतं, पाण्यात सुती धागा थोडा अधिकच बळकट होतो. आज्या-पणज्यांनी सुती लुगडी दगडावर आपटून धुतली आणि तरी ती वर्षानुवर्षं टिकली, त्याचं एक कारण हेच. तोच हात रेयॉनवर चालवला की घात होतो.

तसं पाहिलं तर दोघांचं मूळ एकच, सेल्युलोज. रेयॉनचं सेल्युलोज लाकडातून येतं. लाकडाचा लगदा कॉस्टिक सोड्यात भिजवायचा, त्यावर कार्बन डायसल्फाइडची प्रक्रिया करून घट्ट नारिंगी द्रव करायचा आणि तो बारीक भोकांतून सल्फ्युरिक आम्लात सोडून तंतू ओढायचे. क्रॉस, बेव्हन आणि बीडल या तिघा ब्रिटिश रसायनतज्ज्ञांनी या व्हिस्कोस पद्धतीचं पेटंट १८९२ साली घेतलं. आपल्याकडे कल्याणजवळ शहाडला सेंच्युरी रेयॉनचा कारखाना १९५०च्या दशकापासून हाच धागा काढतो. कसारा लोकलच्या प्रवाशांना तो नवा नाही. या सगळ्या खटाटोपात सेल्युलोजच्या लांब साखळ्या तुटून आखूड होतात आणि त्यांच्या मधल्या जागेत पाणी सहज शिरतं. पाणी शिरलं की तंतू फुगतो, साखळ्यांची एकमेकींवरची पकड सुटते आणि ओल्या व्हिस्कोसची ताकद कोरड्याच्या जेमतेम निम्मी उरते. भिजलेला टिपकागद आपण जसा उचलतो, तसंच हे कापड उचलायला हवं.

त्यात भर म्हणजे हे कापड पाणी फार पितं. मशीनमध्ये फिरवून काढल्यावरही व्हिस्कोस जवळजवळ स्वतःच्या वजनाइतकं पाणी धरून ठेवतं. सूत त्याच्या निम्मंच धरतं आणि पॉलिएस्टर तर नावापुरतं. म्हणजे अडीचशे ग्रॅमचा कुर्ता दोरीवर चढतो तेव्हा पाव किलो पाण्याचं ओझं निम्म्या ताकदीच्या धाग्यांवर असतं. न पिळता, पाणी गळत असताना टांगला तर आणखी जास्त.

एकच कापड आटतंही आणि लोंबतंही, याचं बऱ्याच जणांना कोडं पडतं. विणताना, रंगवताना, छापताना गिरणीत कापड ताणून धरलेलं असतं आणि तसंच ताणलेलं ते आपल्या हाती येतं. घरी पाणी लागलं की तो ताण सुटतो. शिवाय तंतू जाडीत फुगतात, त्यामुळे उभ्या धाग्याला आडव्या धाग्यावरून जास्त वळसा घ्यावा लागतो आणि लांबी कमी होते. हे झालं आटणं. ओलं कापड खांद्यांवर टांगलं की स्वतःच्याच वजनाने खाली ओढलं जातं, हे झालं लोंबणं. घेरदार अनारकलीत काही कळ्या तिरक्या कापाच्या असतात, त्या जास्त उतरतात. मग कुर्त्याचा खालचा काठ एका बाजूला वर आणि दुसऱ्या बाजूला खाली दिसतो, आणि बोल बिचाऱ्या शिंप्याला लागतो.

धुवायच्या आधी मानेमागची किंवा कडेच्या शिवणीतली पट्टी वाचा. रेयॉन, व्हिस्कोस, ‘आर्ट सिल्क’ ही बहुतेक वेळा एकाच धाग्याची नावं असतात. लिवा हे बिर्ला समूहाचं ब्रँडनावही अशाच धाग्यांच्या कापडावर दिसतं. मोडाल आणि लायोसेल याच कुळातले, पण पाण्यात त्यांची ताकद बरीच टिकते, त्यामुळे त्यांच्या बाबतीत एवढा जीव मुठीत धरायला नको. टक्केवारीही पाहा. पॅन्टच्या आणि शाळेच्या गणवेशाच्या कापडात पॉलिएस्टर आणि व्हिस्कोसचं मिश्रण असतं, दुकानदार त्याला पीव्ही म्हणतो. त्यात पॉलिएस्टरचा भाग मोठा असेल तर ते कापड रोजच्या धुण्यात खुशाल टाका. या लेखातली पथ्यं आहेत ती शंभर टक्के किंवा बहुतांश रेयॉन असलेल्या कपड्यांसाठी. पट्टीच नसेल तर काठाचा एक धागा चिमट्यात धरून, मोरीत, जळत्या गोष्टींपासून दूर पेटवून पाहा. रेयॉन कागदासारखं जळतं, वासही जळक्या कागदाचा येतो आणि राख मऊ, करडी उरते. टोकाला कडक मणी झाला तर पॉलिएस्टर किंवा नायलॉन आहे. सूतही कागदासारखंच जळतं, त्यामुळे सूत की रेयॉन हे ठरवायला मघाचा ओल्या धाग्याचा प्रयोगच बरा.

पट्टीवरच्या खुणाही कामाच्या असतात. पाण्याच्या टबाखाली एक रेघ म्हणजे हलक्या हाताने, दोन रेघा म्हणजे अगदी हलक्या हाताने. टबावर फुली असेल तर घरी धुऊ नका. रिकाम्या त्रिकोणावर फुली म्हणजे ब्लीच नको. इस्त्रीच्या चित्रात दोन ठिपके म्हणजे जास्तीत जास्त १५० अंश सेल्सियस.

मोरीत

पाणी गार किंवा फार तर कोमट, ३० अंशांच्या आसपास असावं. ही अट वाटते तेवढी सोपी नाही. मे महिन्यात नागपूर-चंद्रपूरकडे किंवा मराठवाड्यात दुपारी गच्चीवरच्या टाकीचं पाणी हात पोळावा इतकं तापलेलं असतं. तिकडे रेयॉन सकाळीच धुऊन टाकावं, नाहीतर पाणी बादलीत काढून निवू द्यावं.

साबणाची वडी आणि नेहमीची पावडर दोन्ही बाजूला ठेवा. पावडरमध्ये धुण्याचा सोडा असतो, पाणी चांगलंच अल्कधर्मी होतं आणि आधीच फुगलेला तंतू आणखी फुगतो. काही पावडरींत कापडावरचे गोळे खाणारं सेल्युलेज नावाचं विकरही असतं. त्याचं खाद्यच सेल्युलोज, त्यामुळे नाजूक रेयॉनवर ते नको. लोकरीच्या आणि रेशमी कपड्यांसाठी मिळतं ते सौम्य लिक्विड वापरा किंवा रिठ्याचं पाणी. रिठा जुना म्हणून मागे टाकू नका, गडद रंगांना तो चांगला. पांढऱ्या किंवा फिक्या कपड्यावर मात्र त्याची पिवळसर झाक येऊ शकते. बोअरचं खारं पाणी असेल तर साबणाचा चिकट थर कापडावर बसतो आणि कापड कडक, भकास दिसायला लागतं. तिथे लिक्विड डिटर्जंटला पर्याय नाही.

आता धुण्याची रीत. कुर्ता उलटा करा, हुक आणि चेन लावून घ्या, नाड्या बांधा. लिक्विड आधी पाण्यात मिसळा, मगच कपडा बुडवा. दहा मिनिटं भिजला की पुरे. रात्रभर भिजत घालणं ही सुती कपड्यांची सवय, ती इथे कामाची नाही. मग तळहातांनी कपडा पाण्यात दाबायचा, सोडायचा, पुन्हा दाबायचा. मुरलेला घाम आणि धूळ एवढ्याने निघते. ब्रश मारायचा नाही, दगडावर आपटायचा नाही, दोन मुठींत धरून कापडावर कापड चोळायचं नाही. चोळण्याने रेयॉनचे आखूड तंतू वर येतात, आणि पुढे काखेत, मांडीवर, पर्स घासते त्या कमरेच्या जागी बारीक गोळे धरतात. गळपट्टी मळली असेल तर तिथे लिक्विडचे दोन थेंब टाकून बोटाच्या पेराने हळू फिरवा.

दोन-तीन पाण्यांतून खंगाळा. आणि इथेच सगळ्यात मोठा मोह होतो, तो पिळण्याचा. दोन माणसांनी दोन टोकं धरून घातलेला पीळ चादरीला ठीक आहे, रेयॉनच्या कुर्त्याला तो सर्वांत जास्त नुकसान करतो. ओल्या कापडात पिळाच्या रेषेवर धागे सरकतात, आणि वाळल्यावर तिथे जाळी पडल्यासारखं विरळ दिसतं. त्यापेक्षा कपडा बादलीच्या कडेवर घडी करून पाच-दहा मिनिटं निथळू द्या. मग जाड टॉवेल पसरा, त्यावर कपडा सपाट मांडा, दोन्ही मिळून गुंडाळा आणि गुंडाळीवर हातांनी दाब द्या. टॉवेल केवढं पाणी ओढून घेतो ते पाहण्यासारखं असतं.

बादलीतून कपडा उचलतानाही दोन्ही हात खालून घाला. एका बाहीला धरून उचलला तर सगळं पाणी त्या एका शिवणीवर येतं, आणि काखेतलं कापड फसकतं ते बहुधा याच क्षणी. रेयॉन गुळगुळीत असल्यामुळे शिवणीतून त्याचे धागे सटकतात. दोरा शाबूत राहतो आणि शेजारचं कापड उघडं पडतं. फार घट्ट शिवलेल्या कुर्त्यातही हेच होतं, म्हणून माप देताना छातीला आणि दंडाला थोडी ढील ठेवायला सांगावी.

घरी धुणं-भांडी करायला ताई येत असतील तर त्यांना हे सगळं एकदा समजावून सांगा आणि रेयॉनचे कपडे वेगळ्या बादलीत ठेवा. चार घरांची कामं उरकायची असताना प्रत्येक कपड्याची पट्टी वाचत बसायला त्यांना कुठला वेळ? सगळं एकत्र भिजवून ठेवलं आणि मग कपडा खराब झाला, तर त्यात त्यांचा दोष नाही.

मशीन चालतं का? चालतं, थोड्या बेताने. कपडा उलटा करून जाळीच्या पिशवीत घाला, ‘डेलिकेट’ किंवा ‘हँडवॉश’ लावा, गार पाणी आणि पिळण्याचा वेग सर्वांत कमी, चारशे-सहाशे फेऱ्यांच्या वर नको. जीन्स आणि टॉवेल याच फेरीत टाकू नका, जीन्सची बटणं आणि जाड शिवणी रेयॉनला घासतात. समोरून उघडणारं मशीन मधल्या खांबाच्या मशीनपेक्षा नाजूक कपड्यांना बरं. परदेशात राहणाऱ्यांनी, आणि इथेही ज्यांच्याकडे ड्रायर आहे त्यांनी, रेयॉन त्यात घालायचं नाही. गरम हवा आणि सततची आपटाआपट यात चांगला कुर्ता एका फेरीत एक साइझ लहान होतो.

दोरीवर

सपाट जागा असेल तर कुर्ता टॉवेलवर आडवा पसरा, हाताने लांबी-रुंदी नीट करा, शिवणी सरळ ओढून घ्या. चाळीत किंवा फ्लॅटच्या बाल्कनीत एवढी जागा कुठून आणायची? मग कुर्ता दांडीवर किंवा दोन दोऱ्यांवर मधोमध टाका, म्हणजे वजन दोन्हीकडे वाटलं जाईल. खांद्याला चिमटे लावून टांगू नका, त्या जागी कानासारखी टोकं निघतात आणि इस्त्रीनेही लवकर बसत नाहीत. कपडा अर्धा-अधिक वाळला की रुंद खांद्यांच्या हँगरवर घालायला हरकत नाही. सावलीत आणि वाऱ्यावर वाळवा, बाहेर ऊन असेल तर उलटाच ठेवा. ओला कपडा बादलीत गोळा करून तासभर तसाच ठेवणं मात्र वाईट. छापील कापडातला गडद रंग शेजारच्या फिक्या भागावर उतरतो आणि तो डाग मग जात नाही.

रंगाबद्दल एक गैरसमज घरोघरी आहे. नवा कुर्ता मिठाच्या पाण्यात बुडवला की रंग पक्का होतो, असं सांगितलं जातं. काहीजण व्हिनेगर सांगतात. कारखान्यात रंगवताना मीठ वापरतात हे खरं, पण तिथे त्याचं काम रंगाला धाग्याकडे ढकलण्याचं असतं. रंग एकदा कापडाशी नीट जोडला गेला नसेल तर घरच्या मिठाने तो जोडला जात नाही. आपल्या हातात एवढंच आहे की सुटा राहिलेला रंग निघून जाऊ द्यायचा. पहिली दोन-तीन धुणी एकट्याने, गार पाण्यात. त्याआधी आतल्या शिवणीवर ओला पांढरा रुमाल दाबून पाहा, रुमालावर रंग उतरला तर पुढे काय होणार ते कळलंच. चौथ्या धुण्यालाही पाणी गडद येत असेल तर तो कपडा कायम वेगळाच धुवायचा.

डागांचं थोडक्यात सांगते. पडल्याबरोबर कोऱ्या कापडाने टिपा, पुसू नका. तेलाच्या डागावर टाल्कम पावडर टाकून अर्धा तास ठेवा, झटका, मग लिक्विड लावा. हळदीच्या डागाला साबणाची वडी लावली की तो लाल होतो, कारण अल्कात हळदीचा रंग बदलतो, म्हणून घाबरून जाऊन आणखी घासू नका. धुऊन झाल्यावर उरलेली पिवळी झाक उन्हाने उतरते. फिक्या कपड्याला त्यापुरतं ऊन द्यावं. क्लोरीनचं ब्लीच कोणत्याही रंगाच्या रेयॉनला लावू नका.

इस्त्रीला फार सांगण्यासारखं नाही. कपडा किंचित दमट असताना, उलटा करून, मध्यम तापावर फिरवा. इस्त्रीच्या चकतीवर रेयॉन लिहिलेलं नसेल तर रेशमाच्या खुणेपासून सुरुवात करा. सरळ बाजूने जोरात दाबली की शिवणीवर आणि खिशाच्या कडांवर चकाकी येते आणि ती जात नाही. कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याकडे देत असाल तर कपडा उलटा करूनच द्या, सांगत बसण्यापेक्षा ते सोपं. आटलेला कुर्ता काही अंशी याच वेळी परत मिळवता येतो. दमट कपडा लांबीच्या दिशेने दोन्ही हातांनी हळूहळू ओढत, वाफेखाली इस्त्री फिरवत न्या. दोन-तीन सेंटिमीटर सुटतात. पुढच्या धुण्याला पुन्हा थोडं आटेल, हे धरून चाला.

शिवायच्या आधी

ड्रेस मटेरियल घेणाऱ्यांनी एवढा एक भाग तरी वाचावा. रेयॉनचं कापड शिंप्याकडे नेण्याआधी साध्या पाण्यात भिजवा, न पिळता वाळवा, इस्त्री करा आणि मगच द्या. अस्तराचं कापडही तसंच. वरचं कापड रेयॉनचं आणि अस्तर सुती, दोन्ही वेगवेगळ्या मापाने आटतात. मग वरचा घेर आखूड आणि अस्तर खाली दोन बोटं लोंबतंय, असा प्रकार होतो. आधीच भिजवून घेतलं की ही भानगड मिटते. कापड घेताना हिशेबापेक्षा पाव मीटर जास्त घ्या. दुकानात ‘चौदा किलो रेयॉन’ वगैरे ऐकू येतं, तो आकडा कापडाच्या वजनाचा असतो. आकडा मोठा तितकं कापड जाड, आणि जाड कापड रोजच्या वापराला बरं. क्रेप आणि जॉर्जेट विणीच्या रेयॉनला धाग्यात भरपूर पीळ असतो, ती कापडं पाण्यात सर्वांत जास्त आटतात. जरीकाम, गोटा, चिकटवलेले खडे असतील तर घरचं पाणी दाखवूच नका. सॅटिनसारख्या चकचकीत विणीवर पाण्याचे थेंब पडून डाग राहतात, तशी कापडंही ड्रायक्लीनकडेच द्यावीत. ड्रायक्लीनमध्ये पाणी नसतं, द्रावक असतो, त्यामुळे तंतू फुगत नाही, आटणंही होत नाही.

पावसाळ्यात कोकणात, मुंबईत आणि गोव्यात वेगळीच कटकट असते. रेयॉन कोरडं दिसलं तरी हवेतला ओलावा धरून असतं, सुतापेक्षा जास्तच, आणि दमट सेल्युलोज म्हणजे बुरशीला मेजवानी. पंख्याखाली पूर्ण वाळवा, इस्त्री फिरवा आणि इस्त्रीनंतरही तासभर मोकळ्यावर ठेवून मगच कपाटात घाला. गरम कपड्याची लगेच घडी घातली तर आतली वाफ आतच राहते. वर्षभर ठेवून द्यायच्या कपड्यांना खळ लावू नका, खळ म्हणजे कसरीचं खाणं. घडी दर दोन-तीन महिन्यांनी बदला, कारण रेयॉनची घडीची रेघ पक्की बसते आणि पुढे तिथेच ते विरतं. जड कपडे हँगरवर वर्षभर टांगून ठेवण्यापेक्षा घडीच बरी.

शेवटी हिशेबाचं. साध्या छापील कुर्त्याला ड्रायक्लीनचे पैसे घालू नका, चार वेळा दिलात की नव्या कुर्त्याची किंमत निघून जाते. असा कुर्ता घरी धुवा, हाताने. आणि विरलाच तर बटणं आणि लेस काढून ठेवा, उरलेल्या कापडाचे चौकोन कापून ओट्यावर सांडलेलं पाणी टिपायला ठेवा. पाणी प्यायला त्याच्यासारखं कापड नाही, फक्त घासायचं काम असेल तिथे जुना सुती पंचाच घ्या.